भाकऱ्या लष्कराच्या, पीठ कोणाचं?

फिफाला दर विश्वचषकाला हजारो माणसं बिनपगारी लागतात, आणि ती मिळतात. 2018 मध्ये रशियात 17 हजार मिळाली. 2022 मध्ये कतारला 20 हजार हवी होती, तर जगभरातून 4 लाख 20 हजार अर्ज आले. 2026 च्या स्पर्धेसाठी अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोतल्या 16 शहरांत मिळून 65 हजार जणांची भरती निघाली. पगार नाही. गावाहून येण्याचं भाडं नाही. राहण्याची सोय नाही. अंगावर गणवेश, ड्युटीच्या दिवशी जेवण, थोडंफार प्रशिक्षण, एवढंच.

याच फिफाने 2019 ते 2022 या चार वर्षांत साडेसात अब्ज डॉलरच्या वर कमाई केली. कतारमध्ये जिंकल्याबद्दल अर्जेंटिनाला 4 कोटी 20 लाख डॉलर मिळाले. खेळाडूंना पैसे मिळाले, पंचांना मिळाले, कॅमेरावाल्यांना मिळाले, स्टेडियमात शीतपेय विकणाऱ्या कंपनीला मिळाले. गेट कुठे आहे, रांग कुठून सुरू होते, हे तासन्‌तास उभं राहून सांगणाऱ्या स्वयंसेवकाला मात्र पैसे मिळाले नाहीत. तेव्हा तिजोरीत खडखडाट आहे म्हणून फुकट माणसं लागतात, हे कोणी सांगू नये.

पोलादपूरच्या माणसाला याचं काय पडलंय, असं विचाराल. पडलंय. कारण या स्पर्धा नेहमी सातासमुद्रापलीकडेच होतात असं नाही. त्या नवी मुंबईत नेरूळला झाल्या, आमच्या रायगड जिल्ह्याच्या वेशीवर. 2017 मध्ये मुलांचा 17 वर्षांखालील विश्वचषक, जानेवारी 2022 मध्ये महिलांचा आशियाई करंडक, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुलींचा 17 वर्षांखालील विश्वचषक. पाच-सहा वर्षांत तीन मोठ्या स्पर्धा एकाच डी. वाय. पाटील स्टेडियमवर आल्या आणि गेल्या. स्वयंसेवकांशिवाय अशी स्पर्धा उभी राहत नाही. त्या स्वयंसेवकांत महाड-पोलादपूरची पोरं किती होती, हा प्रश्न एकाही पुढाऱ्याच्या, अधिकाऱ्याच्या किंवा क्रीडा संघटकाच्या तोंडून मी ऐकलेला नाही.

मला स्वयंसेवेचं वावडं नाही. पोलादपुरात राहणाऱ्याला ते असूच शकत नाही. पावसाळा लागला, दरडी-पूर सुरू झाले की इथला अर्धा तालुका स्वयंसेवक असतो. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायला आम्ही कधी नाही म्हटलेलं नाही. माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. भाडं, राहणं, बुडालेला रोज हा खर्च आयोजकाने उचलला नाही म्हणून तो नाहीसा होत नाही. तो स्वयंसेवकाच्या घरावर पडतो. ज्या घराला झेपतो त्या घरचं पोर आत जातं. ज्याला झेपत नाही त्याचं पोर अर्जाच्या पहिल्या पानावर गळतं, आणि ते गळलं याची नोंद कुठल्याही वहीत होत नाही. सेवेची हौस सगळ्यांना असते. संधी मात्र खिसा बघून मिळते.

आणि ही संधी लहान नाही. स्वयंसेवक म्हणजे रंगीत टीशर्ट घालून सेल्फी काढणारी पोरं, असा पुष्कळांचा समज आहे. तो चूक आहे. उत्तेजक चाचणीचंच घ्या. सामना संपला की निवडलेल्या खेळाडूंना चाचणीसाठी न्यायचं असतं. प्रत्येकाबरोबर एक सोबती द्यावा लागतो, आणि अनेक स्पर्धांत हे काम प्रशिक्षण दिलेले स्वयंसेवक करतात. खेळाडूला निरोप द्यायचा, कागदावर सही घ्यायची, आणि तिथून तो चाचणीच्या खोलीत पोचेपर्यंत त्याच्यावरची नजर काढायची नाही. खेळाडू कधी हरलेला असतो, रडत असतो. कोणी मुलाखतीला ओढत असतं, कोणी फोटोला. त्याला तहान लागलेली असते. पाणी द्यायचं तर सीलबंद बाटलीतलं, आणि ती त्याची त्यानेच उघडायची. सोबत्याने आवाज चढवायचा नाही, उगाच बोलायचं नाही, आणि क्षणभरही त्याला नजरेआड होऊ द्यायचं नाही. जरा ढिलाई झाली तर त्या चाचणीवरच आक्षेप येतो. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीने हे काम नीट केलं, तर पुढे कुठल्याही इस्पितळात, कार्यालयात किंवा पोलीस खात्यात तिला शिस्त शिकवायची गरज उरत नाही.

स्टँडपुढे उभं राहणाऱ्याचं काम तर त्याहून अवघड. गोल होतो तेव्हा त्याची पाठ मैदानाकडे असते. हजारो लोक एकदम उभे राहतात, आणि त्याने बघायचं असतं की कोणतं लहान मूल आईच्या हातून सुटलं, जिन्यात कोण अडखळलं, कुठल्या रांगेत रेटारेटी सुरू झाली. गळ्यातल्या ओळखपत्रावर ठरावीक आकडे असतात. ज्याचा आकडा नाही त्या दारातून आत पाऊल टाकायचं नाही, आणि टाकू द्यायचंही नाही, मग समोर कोणाचाही चुलता असो. आपल्याकडे हा शेवटचा धडा किती मोलाचा आहे, हे वेगळं सांगायला नको. 4 जून 2025 ला बंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर विजयोत्सवाच्या चेंगराचेंगरीत 11 जीव गेले. दारावरची गर्दी सांभाळणं ही शोभेची गोष्ट नव्हे, हे त्या दिवशी सगळ्या देशाला कळलं असेल अशी आशा आहे.

आता हे शिकायला पोलादपूरहून निघायचं म्हणजे काय, ते बघू.

6 ऑक्टोबर 2017, नवी मुंबईतला पहिला दिवस. न्यूझीलंड विरुद्ध तुर्की हा सामना संध्याकाळी 5 ला, पॅराग्वे विरुद्ध माली 8 ला. स्वयंसेवकाला सामन्याच्या कितीतरी आधी हजर व्हावं लागतं. म्हणजे पोलादपूर स्थानकातून सकाळची एसटी धरायची. महाड, माणगाव, कोलाड, नागोठणे, वडखळ, पेण करत पनवेल. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण तेव्हाही अर्धवटच होतं, आणि वडखळला गाडी कधी अडकेल याचा नेम नव्हता. पनवेलहून लोकलने नेरूळ. रात्री 10 च्या सुमारास दुसरा सामना संपतो. प्रेक्षक बाहेर पडून गर्दी पांगेपर्यंत स्वयंसेवकाला हलता येत नाही. 11 तरी वाजतात. मग पुन्हा पनवेल, तिथून कोकणात जाणारी रात्रीची गाडी, जागा मिळाली तर बसून नाहीतर उभ्याने, आणि पहाटे पोलादपूर. 9 तारखेला तेच. 12 ला तेच. 18 ला घाना विरुद्ध नायजर. त्या दिवशी नरक चतुर्दशी होती, आणि राज्यभर एसटीचा संप चालू होता. स्थानकात एक गाडी हलत नव्हती. 25 ला माली विरुद्ध स्पेन ही उपांत्य लढत. पोलादपूरचं पोर तोपर्यंत टिकलं असतं का, हे तुम्हीच ठरवा.

ऑक्टोबर म्हणजे आमच्याकडे भातकापणी. वर नाचणी, वरी काढायची असते. शेतावर माणूस कमी पडलं तर मजुरी देऊन आणावं लागतं. कॉलेजच्या परीक्षाही त्याच सुमाराला. म्हणजे नेरूळला गेलेल्या पोराचं भाडं तर गेलंच, शिवाय घरच्या शेतावर एक माणूस कमी. हा हिशेब शहरातल्या आयोजकाच्या डोक्यात कधी येत नाही, कारण त्याच्या ओळखीतल्या कुणाच्या घरी भात कापायचं नसतं.

महिलांचा आशियाई करंडक 20 जानेवारी ते 6 फेब्रुवारी 2022 या काळात झाला, तेव्हा पुन्हा एसटीचा संप, तोही महिनोन्‌महिने चाललेला. त्यात कोरोना. आपल्या संघातल्या मुलीच आजारी पडल्या, खेळायला पुरेशा उरल्या नाहीत, आणि यजमान भारताला स्पर्धेतून बाहेर पडावं लागलं. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये मुलींचा विश्वचषक झाला. 30 ऑक्टोबरला नेरूळला अंतिम सामन्यात स्पेनने कोलंबियाला 1-0 हरवलं. मध्ये दिवाळी. मुलींची स्पर्धा म्हटल्यावर मुलींनी स्वयंसेवक व्हावं, हे सगळ्यांना पटतं. पण रात्री 11 ला सुटणाऱ्या मुलीने झोपायचं कुठे, याचं उत्तर द्यायची वेळ आली की सगळे घरच्यांकडे बोट दाखवतात.

मुंबईत नातेवाईक आहेत की, असं कोणी म्हणतं. आहेत. मुंबईत काका-मामा नाही असं घर पोलादपूर तालुक्यात सापडायचं नाही. तालुक्याची चूल चाकरमान्यांनी पेटती ठेवली आहे. पण काकाच्या दहा बाय दहाच्या खोलीत आधीच सहा माणसं असतात. तिथे तीन आठवडे, रात्री उशिरा येणारं माणूस, ऐन दिवाळीत. काका नाही म्हणणार नाही. म्हणून काय फिफाने आपल्या स्वयंसेवकांची सोय परळच्या आणि नालासोपाऱ्याच्या काकांवर टाकायची?

आणि सरकारला खेड्यातली पोरं तेव्हा आठवली नव्हती असंही नाही. 15 सप्टेंबर 2017 ला 'महाराष्ट्र मिशन वन मिलियन' झालं. राज्यभरातल्या दहा लाख मुलांनी एका दिवशी फुटबॉल खेळावा, असा घाट होता. शाळाशाळांत चेंडू पोचले. डोंगरातल्या शाळेचं अंगण म्हणजे एका बाजूला दरड आणि दुसऱ्या बाजूला उतार. जोरात लाथ मारली तर चेंडू आणायला खालच्या वाडीपर्यंत पळावं लागतं. तरी पोरं खेळली, आनंदाने खेळली. तो दिवस चांगलाच होता, त्याला नावं ठेवायची माझी इच्छा नाही. पण तीन आठवड्यांनी नेरूळला जग येणार होतं. ज्या यंत्रणेने डोंगरातल्या शाळेपर्यंत चेंडू पोचवला, तिला तालुक्याच्या कॉलेजपर्यंत स्वयंसेवकाचा अर्ज पोचवणं जड का जावं?

खेळाडूच्या बाबतीत हेच सरकार शहाणपणाने वागलं आहे. त्या 2017 च्या भारतीय संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. तो तयार झाला पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत, म्हणजे सरकारी खर्चाने राहून, जेवून, शिकून. गुणी मुलाच्या घरी पैसा नसला तरी त्याला मैदानापर्यंत आणायचं, आणि त्याच्या राहण्या-जेवण्याचा भार घरावर टाकायचा नाही, हे तत्त्व आपण खेळाडूसाठी केव्हाच मान्य केलं. स्वयंसेवकासाठी ते मान्य करायला कोणाची हरकत आहे? इथे तर वर्षानुवर्षं पोसायचं नाही. तीन आठवड्यांचा प्रश्न आहे.

पैसे घेतले तर ती सेवा कसली, असा एक युक्तिवाद हमखास येतो. तो करणारे बहुतेक वेळा स्टेडियमपासून रिक्षाच्या अंतरावर राहतात. भाडं म्हणजे पगार नव्हे, आणि अंथरूण म्हणजे मानधन नव्हे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिरात मुलं गावात राहून श्रमदान करतात. त्यांच्या जेवणाखाणासाठी सरकार अनुदान देतं. त्यामुळे त्यांचं श्रमदान खोटं ठरलं, असं म्हणायची कोणाची छाती नाही. केंद्राच्या आपदा मित्र योजनेत स्वयंसेवकाला प्रशिक्षण मिळतं, साहित्याचा संच मिळतो, विमा मिळतो. तोही सेवाच करतो. कतारनेसुद्धा बाहेरून आलेल्या स्वयंसेवकांच्या राहण्याची व्यवस्था केली होती. म्हणजे हे करता येतं. करायचं की नाही, एवढाच प्रश्न असतो.

कतारचीच आणखी एक गोष्ट. सूक वाकिफ बाजाराजवळ उंच खुर्चीवर बसून, हातात फोमचा भलामोठा पंजा घेऊन, 'मेट्रो, इकडून' असं एका चालीत ओरडणारा केनियाचा अबुबकर अब्बास त्या स्पर्धेत जगभर गाजला. लोक त्याच्या चालीवर ओरडत मेट्रोकडे जायचे. त्याला स्टेडियमात बोलावून त्याचं कौतुक झालं. तो गर्दीला वाट दाखवायला नेमलेला पगारी कर्मचारी होता. पगार घेतल्याने त्याचं हसू कमी झालं नाही आणि कोणाची वाट चुकली नाही.

अमेरिकेतली आपली मराठी मंडळी 2026 च्या भरतीत उतरली असतील तर मला त्यांचं कौतुकच आहे. न्यू जर्सीत ज्याचं स्वतःचं घर आहे, दारात गाडी आहे आणि वरिष्ठाला सांगून सुट्टी मिळते, त्याला ईस्ट रदरफोर्डच्या स्टेडियमवर जाऊन उभं राहणं परवडतं. बृहन्महाराष्ट्र मंडळाची अधिवेशनं याच लोकांच्या स्वयंसेवेवर उभी राहतात आणि देखणी होतात. त्यांनी जरूर करावं. पण जगातल्या सगळ्यात मोठ्या खेळाची सेवा करण्याचा हक्क घरदार, गाडी आणि भरपगारी रजा असणाऱ्यांपुरताच उरला, तर त्या खेळाने स्वतःला गरिबांचा खेळ म्हणवून घेणं बंद करावं.

आमच्या पोरांना हे काम येईल का? या प्रश्नाचा मला मनापासून राग येतो. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला. एसटीच्या दोन गाड्या आणि इतर वाहनं नदीत गेली. पुलाजवळच्या गॅरेजमधल्या माणसाला पूल गेल्याचं दिसलं, तेव्हा त्याने अंधारात, पावसात धावत जाऊन येणाऱ्या गाड्या थांबवल्या. त्याच्या अंगावर चमकणारं जाकीट नव्हतं आणि हातात वॉकीटॉकी नव्हता. गर्दीला योग्य क्षणी थांबवणं म्हणजे काय, हे त्याला कोणत्याही प्रशिक्षणवर्गात शिकवलेलं नव्हतं.

28 जुलै 2018 ला दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस आमच्या आंबेनळी घाटात शेकडो फूट खाली गेली. वाचलेला एकमेव माणूस वर चढून आला तेव्हा बातमी कळली. महाबळेश्वर ट्रेकर्स, महाडची, पोलादपूरची पोरं दोर घेऊन दरीत उतरली. धुकं, पाऊस, पायाखाली निसटणारी माती. खाली उतरणारे वेगळे, वर दोर धरणारे वेगळे, आणि मधल्या उतारावर ठरावीक अंतराने उभे राहून स्ट्रेचर हातोहात वर देणारे वेगळे. एकाने पाय सोडला तर खालच्या सगळ्यांवर ते ओझं येणार. वरून आवाज आला की थांबायचं, दुसरा आवाज आला की ओढायचं. रस्त्यावर बघ्यांची आणि नातेवाइकांची गर्दी. तिला कठड्यापासून मागे ठेवायचं, आणि ठेवताना कोणाच्या दुःखाला धक्का लागू द्यायचा नाही. हे काम दुसऱ्या दिवसापर्यंत चाललं. ज्याने हे केलं आहे, त्याला स्टेडियमच्या जिन्यात उभं राहता येईल का, असं विचारणाऱ्याने एकदा त्या वळणावर उभं राहून खाली बघावं.

22 जुलै 2021 ला महाड तालुक्यातलं तळीये गाव दरडीखाली गेलं, 80 हून अधिक माणसं गेली. त्याच दिवशी आमच्या तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळे इथे दरडी आल्या. महाड शहर पुरात, रस्ते बंद; मोठी पथकं तळीयेत दुसऱ्या दिवशी पोचली. तोवर जे केलं ते आसपासच्या वाड्यांतल्या माणसांनी. आणि जून 2023 मध्ये शिवराज्याभिषेकाच्या 350 व्या सोहळ्याला रायगडावर जो जनसागर आला, त्याला पाणी देणारी, पायऱ्यांवर वाट करून देणारी, दमलेल्याला सावलीत बसवणारी पोरं कोणत्या तालुक्यांतली होती, हे गडाखालच्या पाचाडला कोणालाही विचारा. कुठल्याही स्टेडियमला इतके चढ नसतात.

इंग्रजीची अट असते, हे खरं. परदेशी संघाबरोबर, डॉक्टरांबरोबर, पत्रकारांबरोबर राहणाऱ्याला इंग्रजी हवंच. पण 2017 मध्ये नेरूळला आलेले प्रेक्षक कोण होते? मुंबई, ठाणे, पनवेल, पुण्याहून आलेली कुटुंबं आणि शाळांची मुलं. त्यांना जिना कुठे, पाणी कुठे, हरवलेलं पोर कुठे सापडेल, हे मराठीत आणि हिंदीत सांगणारा माणूस लागतो. शंभरातली मोजकी कामं इंग्रजीची असतात म्हणून शंभर जणांना इंग्रजीच्या चाळणीतून काढायचं, हा आळस आहे. ऑफसाइड कळला पाहिजे अशीही अट नाही. आमचा तालुका कबड्डीचा; चढाई करणाऱ्याचा पाय बघणाऱ्या डोळ्यांना गर्दीतली हालचाल चटकन दिसते.

म्हणून मागणी साधी आहे. अशी स्पर्धा देशात आणताना फिफा यजमान सरकारकडून हमीपत्रं घेते. कर, व्हिसा, सुरक्षा, सगळ्याची हमी आपण लिहून देतो. त्या कागदांत एक ओळ आपणही घालून घ्यावी: 50 किलोमीटरच्या बाहेरून येणाऱ्या प्रत्येक स्वयंसेवकाचं भाडं आणि मुक्काम आयोजकाच्या खर्चाने. आयोजक नाही म्हणाला तर तो खर्च राज्याने द्यावा. दिवाळीच्या सुट्टीत नवी मुंबईतल्या शाळांच्या इमारती रिकाम्या असतात. मुलामुलींसाठी वेगळे वर्ग, गाद्या, रात्रीची एक बस आणि दारावर महिला पोलीस, एवढ्यात काम भागतं. अर्ज मराठीतही असावा. मुलाखत तालुक्याला व्हावी. आपदा मित्राचं प्रशिक्षण किंवा राष्ट्रीय सेवा योजनेचे 240 तास ज्याने पूर्ण केले आहेत, त्याला निवडीत प्राधान्य मिळावं. यातलं काहीही अवघड नाही. एका अतिमहत्त्वाच्या पाहुण्याच्या कक्षातल्या जेवणावर होतो त्याहून मोठा खर्चही नाही, असं माझं ठाम मत आहे.

महाड-पोलादपूरच्या कॉलेजांतल्या प्राचार्यांना आणि सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे. 2030 च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला होणार आहेत. फुटबॉल त्यात नाही, पण रांग, गेट, जिना आणि चाचणीची खोली तिथेही असणार. भारतात पुढची फुटबॉल स्पर्धा येईल तेव्हाही असणार. भरतीची जाहिरात वर्तमानपत्रात येईपर्यंत थांबू नका. आत्ताच पन्नास मुलामुलींची यादी करा, त्यांना बोलण्यापुरतं इंग्रजी आणि प्रथमोपचार शिकवा, आणि यादी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याकडे देऊन पोच घ्या.

आणि पोरांनो, तुम्हाला. अर्जात अनुभवाचा रकाना असतो. तो कोरा सोडू नका. आंबेनळीला दोर धरला असेल तर तसं लिहा, महाडच्या पुरानंतर घराघरांतला गाळ काढला असेल तर तसं लिहा, राज्याभिषेकाला पायऱ्यांवर उभे होतात तेही लिहा. आणि अर्जाखाली स्वच्छ अक्षरात एक प्रश्न विचारा: आमचं भाडं आणि मुक्काम कोण देणार? उत्तर लेखी मागा.